वाचकांचे प्रश्न : वायरलेस बोर्ड, त्याच्या पिना आणि शेतातली जोडणी

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे तापीकाठची आहेत : रावेर, चोपडा, शिरपूर, भुसावळ. बाकीची धुळे, नंदुरबार आणि अमळनेरहून. कोणाकडे ईएसपी-३२ आहे, कोणाकडे एनआरएफ-५२ कुळातला बोर्ड. तक्रार मात्र एकाच वळणाची आहे : टेबलावर चालतं, बांधावर नेलं की रुसतं. प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासून झालेला असतो, आणि दोष बहुधा तिथे नसतोच. पीन, वायर, रेग्युलेटर आणि पुरवठा यांतच तो सापडतो. म्हणून खालची उत्तरे वाचताना मल्टिमीटर हाताशी ठेवा.

प्रश्न (रावेर, केळी बागायतदार) : जमिनीतला ओलावा मोजायला ईएसपी-३२ चा ३० पिनांचा तयार बोर्ड बसवला आहे. दर १५ मिनिटांनी जागा होतो, वायफायवरून आकडा पाठवतो आणि डीप स्लीपमध्ये जातो. १८६५० सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा आहे, ५ व्होल्टच्या पिनेवर जोडला आहे. दोन आठवड्यांत सेल संपतो. बठ्ठं बरोबर शे, तरी बॅटरी काबर उतरस?

उत्तर : चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. डीप स्लीपमध्ये ईएसपी-३२ चिप फक्त १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. पण तुमच्या बोर्डवर एएमएस १११७ हा रेग्युलेटर आहे; तो स्वतःच्या कामासाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. त्यात लाल पॉवर एलईडी आणि यूएसबी-सिरीयल चिप धरा. असे बोर्ड झोपेत सर्रास ८ मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. २६०० भागिले ८ म्हणजे ३२५ तास, साडेतेरा दिवस. तुमचे दोन आठवडे हेच.

दुसरी अडचण त्याच रेग्युलेटरची. त्याला आत आणि बाहेर यांत साधारण १.१ व्होल्टचे अंतर लागते. सेल ३.७ वर आला की बाहेर २.६ च्या आसपास उरतात, आणि मॉड्यूलला किमान ३.० हवे असतात. वायफाय सुरू होताना करंट क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत उसळतो, व्होल्टेज आणखी बसते, ब्राउनआउट होऊन बोर्ड रिसेट होतो आणि पुन्हा वायफाय जोडायला लागतो. या फेऱ्यांत उरलेली बॅटरीही जाते.

उपाय : तयार बोर्ड सोडा, ईएसपी-३२ चे नुसते डब्ल्यूरूम मॉड्यूल (चिप आणि फ्लॅश मेमरी असलेली छोटी पट्टी) ॲडॅप्टर पट्टीवर लावा. रेग्युलेटर एचटी ७८३३ घ्या. तो ५०० मिलिअँपिअर देतो आणि स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेतो. एमसीपी १७०० झोपेला उत्तम, पण २५० मिलिअँपिअरचा. वायफायच्या उसळीला काठावर पडतो, म्हणून इथे नको. मॉड्यूलच्या ३.३ व्होल्ट पिनेला अगदी खेटून ४७० मायक्रोफॅरॅडचा आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. ईएन (चिप चालू करणाऱ्या) पिनेला १० किलोओहमचा पुल-अप (पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) आणि ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरॅड, जीपीआयओ (प्रोग्रामने चालवायच्या पिना) ० ला १० किलोओहमचा पुल-अप. प्रोग्राम भरताना ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरीयल ॲडॅप्टर वापरा आणि रिसेट देताना जीपीआयओ ० ग्राउंडला टेकवून धरा.

ओलाव्याचा सेन्सरही चोवीस तास चालू ठेवू नका. कपॅसिटिव्ह पट्टी साधारण ५ मिलिअँपिअर घेते. एवढे एखादी जीपीआयओ पीन सहज पुरवते. पीन उंच (३.३ व्होल्ट) करा, १०० मिलिसेकंद थांबा, दहा वाचने घेऊन मधले धरा, पीन खाली (० व्होल्ट) करा. सेन्सरची बाहेरची वायर ३२ ते ३९ पैकीच एखाद्या पिनेवर लावा. बाकीच्या ॲनालॉग पिना दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) आहेत आणि वायफाय चालू असताना तो एडीसी वापरता येत नाही. शिवाय ईएसपी-३२ चा एडीसी सर्वांत मोठ्या ॲटेन्युएशनवरही (येणारे व्होल्टेज आत घटवून मोजतानाही) साधारण ०.१५ ते २.४५ व्होल्ट यांच्यामध्येच भरवशाचा आहे. कोरड्या मातीत सेन्सर त्याच्या वर जात असेल तर दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज विभागून घ्या, नाहीतर कोरडी माती आणि फार कोरडी माती यांचा आकडा एकच येईल.

खर्च मोजण्याची रीत. मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून सेलच्या धन टोकाशी मालिकेत लावला, तर सुरू होतानाच्या उसळीत मीटरच्या आतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडते आणि बोर्ड उठतच नाही. त्यासाठी मीटरच्या दोन टोकांना आडवी एक वायर लावून ठेवा, बोर्ड झोपला की ती काढा, आकडा वाचा आणि जागे होण्याआधी परत लावा. परीक्षेपुरती झोप दोन मिनिटांची ठेवली की घाई होत नाही.

हे झाल्यावरचा हिशोब : ३ सेकंद जागे, सरासरी १२० मिलिअँपिअर, दर ९०० सेकंदांनी. म्हणजे सरासरी ०.४ मिलिअँपिअर, झोपेचे धरून ०.४२. कागदावर २५० दिवस निघतात. सेल जुना होतो, वायफाय कधी उशिरा जोडला जातो, तेव्हा पाच-सहा महिने धरून चला.

प्रश्न (चोपडा, केळी पिकवणी केंद्र) : चेंबरमध्ये तापमान-आर्द्रतेचा एसएचटी ३१ सेन्सर १२ मीटर वायरीवर आहे, बोर्ड ऑफिसात. टेबलावर अर्ध्या फुटाच्या वायरीवर एकदाही चुकला नाही. चेंबरमध्ये तासाभरात वाचन थांबते. बोर्ड रिसेट करूनही येत नाही, सेन्सरची वीज काढून घातली की येते.

उत्तर : तुमचा सेन्सर वापरतो ती आय-टू-सी ही एका सर्किट बोर्डवरच्या चिपांना आपसात बोलण्यासाठी केलेली जोडणी आहे, इमारतीत वायर ओढण्यासाठी नाही. तिच्या दोन्ही तारा (डेटा आणि क्लॉक) चिप फक्त खाली ओढते. वर न्यायचे काम पुल-अप रेझिस्टरचे. वायर जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त, आणि तितका वर चढायला वेळ. नियम ४०० पिकोफॅरॅडचा आहे. साध्या केबलला मीटरमागे ६० पिकोफॅरॅड धरले तरी १२ मीटरला ७२० होतात. चढायचा वेळ ०.८५ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटन्स. ४.७ किलोओहमला तो जवळपास २.९ मायक्रोसेकंद येतो. १०० किलोहर्ट्झला मर्यादा १ मायक्रोसेकंद आहे. सिग्नलची कड अशी तिरकी झाली की शेजारच्या कॉम्प्रेसरचा एक झटका पुरे : एखादा क्लॉक निसटतो, सेन्सर बाइट अर्धवट देऊन डेटा तार खाली धरून बसतो आणि बोर्डला वाटते की बस व्यस्त आहे. बोर्ड रिसेट केल्याने सेन्सर सुटत नाही, कारण त्याची वीज गेलेलीच नसते. तुम्हाला नेमके हेच दिसते आहे.

आज करण्यासारखे : वेग १० किलोहर्ट्झवर आणा. पुल-अप २.२ किलोओहमचा करा (३.३ व्होल्टवर १ किलोओहमच्या खाली जाऊ नका, चिपला तार पुरेशी खाली ओढता येत नाही). सेन्सरच्या पट्टीवर आधीच पुल-अप असतो, तो समांतर जोडला जातो, हे हिशोबात धरा. १० किलोओहमच्या चार पट्ट्या एका बसवर म्हणजे आपोआप २.५ किलोओहम. लॅनची केबल वापरत असाल तर एका जोडीत डेटा आणि ग्राउंड, दुसरीत क्लॉक आणि ग्राउंड. डेटा आणि क्लॉक एकाच पीळात कधीच नको. प्रोग्रामच्या सुरुवातीला डेटा तार खाली अडकलेली दिसली तर क्लॉकच्या पिनेवर ९ ठोके द्या आणि मग स्टॉप पाठवा. सेन्सर तार सोडतो. वीज काढून घालण्याची गरज उरत नाही.

पण खरा उपाय जागा बदलण्याचा आहे. बोर्ड चेंबरच्या भिंतीला बाहेरून लावा आणि पॅनेलमधून मीटरभर वायर आत सोडा. बोर्डच आत ठेवू नका : पफ पॅनेलच्या दोन्ही बाजूंना पत्रा असतो आणि तो २.४ गिगाहर्ट्झ अडवतो. आत आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राखली जाते, तेव्हा सेन्सर गाळणीची टोपी असलेला घ्या आणि तोंड खाली ठेवून टांगा, म्हणजे थेंब त्यावर साचत नाही.

तीन-चार चेंबरांचे सेन्सर ऑफिसातच आणायचे असतील तर आरएस-४८५ वापरा, तो शेकडो मीटर जातो. दुकानात हमखास मॅक्स ४८५ ची पट्टी मिळते. ती ५ व्होल्टची आहे आणि तिची बाहेरची पीन ३.३ व्होल्टच्या बोर्डवर ५ व्होल्ट टाकते. मॅक्स ३४८५ किंवा एसपी ३४८५ मागा. बसच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहम. मधल्या प्रत्येक पट्टीवरचा १२० चा रेझिस्टर काढून टाका.

प्रश्न (भुसावळ) : एनआरएफ-५२८४० च्या डेव्हलपमेंट किटवर पोर्ट ० ची ९ आणि १० नंबरची पीन आउटपुट म्हणून चालत नाही. खराब बोर्ड आला का?

उत्तर : बोर्ड चांगला आहे. त्या दोन पिना कारखान्यातून एनएफसी (उपकरण जवळ टेकवून बोलण्याच्या) अँटेनासाठी राखलेल्या असतात. यूआयसीआर (चिपमधली सेटिंग जपून ठेवणारी जागा) मधल्या एनएफसी-पिनांच्या नोंदीत त्या साध्या जीपीआयओ करायच्या, मग रिसेट द्यायचा. तरी शक्यतो तिथे बटण किंवा एलईडी एवढेच लावा. एक पीन उंच आणि दुसरी खाली असेल तर दोघींमध्ये थोडी गळती होते, आणि मायक्रोअँपिअर मोजणाऱ्याला ती खटकते. पोर्ट ० च्या ० आणि १ नंबरच्या पिनांनाही हात लावू नका. तिथे ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आहे, झोपेतला वेळ तोच राखतो.

प्रश्न (धुळे, डिप्लोमाची विद्यार्थिनी) : प्रोजेक्टमध्ये ईएसपी-३२ च्या जीपीआयओ १२ वर सेन्सर जोडला की बोर्ड सुरूच होत नाही. वायर काढली की होतो. नंतर वायर लावली तर सेन्सर नीट चालतो! कोणत्या पिना निर्धास्त वापरता येतील?

उत्तर : निरीक्षण अचूक आहे, त्यातच उत्तर आहे. चिप उठते त्या क्षणी काही पिनांची पातळी वाचते आणि त्यावरून कसे सुरू व्हायचे ते ठरवते. नंतर त्या पिना मोकळ्या असतात. १२ नंबर त्या क्षणी उंच सापडली तर चिप समजते की फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे. तुमच्या मॉड्यूलवर ती ३.३ ची आहे. तिला अपुरे व्होल्टेज मिळते आणि प्रोग्राम वाचला जात नाही. तुमच्या सेन्सरवरचा पुल-अपच १२ ला वर धरून ठेवतो.

पिना अशा वाटून घ्या. ६ ते ११ फ्लॅशच्या आहेत, त्या विसरा. १ आणि ३ यूएसबी-सिरीयलसाठी ठेवा. ०, २, ५, १२ आणि १५ सुरुवातीला वाचल्या जातात; त्यांवर लावायचेच तर बाहेरचा रेझिस्टर त्यांना चुकीच्या दिशेला ओढणार नाही एवढे पाहा. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही. बटण लावले तर १० किलोओहम बाहेरून द्या, नाहीतर हात जवळ नेला तरी आकडा हलतो. निर्धास्त अशा ४, १३, १४, १८, १९, २१, २२, २३, २५, २६, २७, ३२, ३३. त्यातल्या २१-२२ आय-टू-सीला, १८-१९-२३ एसपीआयला (चिपांमधली आणखी एक, वेगवान जोडणी) देण्याची रूढी आहे. १६ आणि १७ डब्ल्यूरूमवर मोकळ्या, पण डब्ल्यूरोव्हर मॉड्यूलवर त्या जादा रॅमला जातात. झोपेतून पिनेने उठवायचे असेल तर ती ४, १३, १४, २५, २६, २७ किंवा ३२ ते ३९ यांपैकी निवडा.

मैत्रिणींपैकी कोणाकडे छोटा ईएसपी-३२ सी-३ बोर्ड असेल तर ही यादी तिला देऊ नका. त्याच्यावर २, ८ आणि ९ सुरुवातीला वाचल्या जातात, १८-१९ यूएसबीच्या आहेत आणि डीप स्लीपमधून फक्त ० ते ५ उठवतात.

प्रश्न (शिरपूर) : विहिरीवरची थ्री-फेज मोटर रिले बोर्डने चालू-बंद करायची आहे. ५ व्होल्टचा निळ्या रिलेचा बोर्ड घेतला. दोन त्रास : रिले एकदा लागला की सुटत नाही, आणि लाईट आली की प्रोग्राम सुरू होण्याआधीच खटकतो.

उत्तर : पहिला त्रास व्होल्टेजचा. हे रिले बोर्ड पीन खाली गेली की लागतात. पीन उंच केली तरी ती ३.३ व्होल्टच, ऑप्टोकपलरची (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या भागाची) दुसरी बाजू ५ वर असते. मध्ये १.७ व्होल्ट उरतात, तेवढ्यात ऑप्टोमधून थोडा करंट वाहतच राहतो. बोर्डवर जेडी-व्हीसीसी लिहिलेला जंपर असेल तो काढा. जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट, व्हीसीसीला ३.३. आता उंच म्हणजे खरोखर बंद.

दुसरा त्रास पिनेच्या निवडीचा. सुरुवातीला काही पिना क्षणभर हलतात. २५, २६, २७, ३२ किंवा ३३ घ्या, आणि ३.३ कडे १० किलोओहमचा पुल-अप द्या. प्रोग्राममध्ये आधी पिनेला उंच लिहा, मग आउटपुट करा; उलट क्रमाने केले तर मधल्या क्षणी खटका बसतोच.

आता तुम्ही न विचारलेले, पण सर्वांत महत्त्वाचे. त्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट एसी छापलेले असते. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टवर चालते. म्हणजे तो रिले थेट कॉइलच्या वाटेत घालणे त्याच्या क्षमतेबाहेरचे आहे. संपर्क चिकटला तर मोटर बंद होणार नाही. चालू आणि बंद करण्यासाठी मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा एकेक छोटा कॉन्टॅक्टर घ्या, प्रत्येकाला एक छोटा रिले चालवील आणि त्यांचे संपर्क स्टार्टरमध्ये जातील. चालू करायचा संपर्क हिरव्या बटणाला समांतर, दीड-दोन सेकंदांचा ठोका. बंद करायचा लाल बटणाच्या मालिकेत, नेहमी मिटलेला. ओव्हरलोड आणि सिंगल-फेज प्रिव्हेंटर यांना वळसा घालू नका. कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्टच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक्स-२ कपॅसिटर मालिकेत करून आडवा लावा, नाहीतर कॉइल सुटताना बोर्ड रिसेट होतो. पेटीतले काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच पाडूनच.

प्रश्न (नंदुरबार, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव) : लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचे) मॉड्यूल घेताना ४३३, ८६८ आणि ९१५ असे तीन प्रकार दिसतात. कोणते घ्यावे? ईएसपी-३२ ला कसे जोडावे?

उत्तर : ८६८ चे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे. ८६८ चे मॉड्यूल तिथे चालते, प्रोग्राममध्ये फ्रीक्वेन्सी मात्र ८६५ ते ८६८ च्या आतच भरा. उदाहरणार्थ, लोरावॅनच्या (लोरा उपकरणांच्या नेटवर्कच्या) भारतीय आराखड्यात ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ हे ठरलेले चॅनेल आहेत.

लोरा मॉड्यूलवरच्या एसएक्स १२७६ चिपची जोडणी एसपीआयची आहे : क्लॉक १८, मिसो १९, मोसी २३, चिप सिलेक्ट ३३, रिसेट १४, डीआयओ-० २६. पुरवठा ३.३ व्होल्टच, ५ ला लावले की मॉड्यूल गेले. वायरी वीतभराच्या आत ठेवा. २० डीबीएमवर पाठवताना १२० मिलिअँपिअर लागतात, म्हणून १०० मायक्रोफॅरॅड मॉड्यूलशेजारी. चिपचा आवृत्ती क्रमांक वाचून पाहा, हेक्स १२ आला पाहिजे. शून्य किंवा एफएफ आला तर आधी मिसो आणि चिप सिलेक्टच्या वायरी तपासा. अँटेना लावल्याशिवाय पाठवू नका, परत फिरलेली शक्ती आउटपुटचा टप्पा जाळू शकते. साधी उभी तार लावायची तर ८.६ सेंटिमीटर.

अंतरासाठी शक्ती वाढवण्याआधी उंची वाढवा. केळीची किंवा उसाची पाने पाण्याने भरलेली असतात आणि सिग्नल शोषतात. अँटेना पिकाच्या वर हवी. मध्ये डोंगराची सोंड असेल तर शक्ती वाढवून काही होत नाही, सोंडेवर रिपीटर बसवावा लागतो.

प्रश्न (अमळनेर) : तापमानाच्या डीएस १८बी२० सेन्सरमधून अधूनमधून ८५ अंश येतात, कधी उणे १२७. उन्हाळा कडक असला तरी एवढा नाही! आणि पेटीतला सेल मे महिन्यात फुगला. चार्जर टीपी ४०५६ आहे.

उत्तर : ८५ हा सेन्सरला वीज मिळताच आत ठेवलेला आकडा आहे. मोजायची आज्ञा दिल्यावर १२ बिटांना ७५० मिलिसेकंद लागतात. त्याआधी वाचले, किंवा मध्येच वीज डळमळली, की ८५ मिळतात. पूर्ण वेळ थांबा, आणि दोन तारांवर न चालवता तिसरी तार ३.३ ला जोडा. उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही, असे लायब्ररी सांगते. डेटा आणि ३.३ यांमध्ये ४.७ किलोओहम आहे का ते पाहा. वायर १० मीटरच्या वर असेल तर २.२ किलोओहम करून बघा.

सेलचे कारण उष्णता. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतच पारा तिथे टेकतो. उन्हातली बंद पेटी त्याच्या बरीच वर जाते. टीपी ४०५६ ला तापमान पाहून थांबण्याची पीन आहे, पण स्वस्त पट्ट्यांवर ती ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते. म्हणजे भर दुपारी, सोलरचा जोर सर्वांत जास्त असताना, तापलेला सेल चार्ज होत राहतो. फुगलेला सेल वापरू नका, भोकही पाडू नका.

नवीन सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचा घ्या. तो पूर्ण भरला की ३.६ व्होल्ट देतो, मग विसावून ३.२ च्या आसपास राहतो. ईएसपी-३२ मॉड्यूल ३.० ते ३.६ वर चालते, त्यामुळे रेग्युलेटरच लागत नाही. टीपी ४०५६ मात्र या सेलला चालत नाही, तो ४.२ पर्यंत चढवतो. टीपी ५००० ची पट्टी घेऊन ३.६ ची निवड करा आणि सेल लावण्याआधी तिचे आउटपुट मीटरने वाचा. दुकानातून ती ४.२ वर ठेवलेलीही येते. पेटी पांढरी, सोलर पॅनेलच्या मागच्या सावलीत, पॅनेल आणि पेटीत चार बोटे मोकळी जागा, वायरींची भोके खालच्या बाजूला आणि त्यांना बारीक जाळी.